उदासिनीकरणाची उष्णता ५७ ऐवजी ४६ च का येते?

परीक्षानळी (प्रश्न)

नमस्कार. बारावीच्या प्रात्यक्षिकात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या उदासिनीकरणाची एन्थाल्पी (स्थिर दाबाखाली बाहेर पडणारी उष्णता) काढायची आहे. पुस्तकातला आकडा उणे ५७.३ किलोजूल प्रति मोल. सहा गटांची उत्तरं अशी आली: ४६.०, ४६.०, ४१.८, ४६.०, ५०.२, ४६.० (सगळीकडे उणे चिन्ह धरा).

कृती: २५० मिलीच्या काचेच्या बीकरमध्ये मेजरिंग सिलिंडरने ५० मिली १ मोलर (लिटरला एक मोल) आम्ल घेतो, त्याचं तापमान बघतो. त्यात ५० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ओततो, काचकांडीने ढवळतो आणि पारा चढायचा थांबला की वाचतो. थर्मामीटर ० ते ११० अंशांचा, एकेका अंशाच्या खुणांचा; पारा दोन खुणांच्या मध्ये असेल तर अर्धा अंश धरतो. बहुतेक गटांना वाढ ५.५ अंश मिळते. १०० ग्रॅम × ४.१८ (एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला लागणारे जूल) × ५.५ = २२९९ जूल, भागिले ०.०५ मोल, म्हणजे ४६. द्रावणं आदल्या दिवशीच केली होती, त्यामुळे ती गरम असण्याचा प्रश्न नाही.

११ किलोजूल जातात कुठे? आणि दुसऱ्या एका पुस्तकात ५७.३ ऐवजी ५५.८ छापलंय. मुलांना कोणता आकडा सांगायचा?

ब्युरेट५०

आधी तुमची सहा उत्तरं नीट बघा. त्यांत वेगळे आकडे तीनच आहेत: ४१.८, ४६.० आणि ५०.२. दोघांतलं अंतर दर वेळी ४.२. हा योगायोग नाही. तुमच्या गणितात एक अंश म्हणजे ८.३६ किलोजूल प्रति मोल, आणि तुम्ही वाचता अर्ध्या अंशापर्यंत. म्हणजे ह्या थर्मामीटरने ४१.८ आणि ४६.० यांच्या मधलं उत्तर येऊच शकत नाही. चार गटांचं ४६.० जुळलं याचा अर्थ ते अचूक आहे असा नाही. चौघांचा पारा त्याच अर्ध्या खुणेजवळ होता, एवढाच.

सगळी वाढ सहा-सात अंशांची असताना एक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर चालत नाही. ०.१ किंवा निदान ०.२ अंशाच्या खुणांचा हवा. तो महाग पडत असेल तर स्टीलच्या नळीत बसवलेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरे. हा सेन्सर ०.०६२५ अंशाची पायरी दाखवतो. त्याचं खरं तापमान अर्ध्या अंशाने चुकलेलं असू शकतं, पण आपल्याला फरक हवा आहे. आधीचं आणि नंतरचं तापमान त्याच सेन्सरने घेतलं की ती चूक वजाबाकीत जाते. दोन द्रावणांना दोन सेन्सर लावू नका. लावलेच तर आधी एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवा. डेटाच्या आणि पुरवठ्याच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक लागतो. पडद्यावर अचानक ८५.० दिसलं तर घाबरू नका आणि ते वहीत लिहूही नका. सेन्सर नुकताच चालू झाला की मोजमाप होण्याआधी तोच आकडा देतो. बहुधा तार ढिली असते.

दुसरी गळती बीकरची. २५० मिलीचा बीकर साधारण १०० ग्रॅमचा असतो. १०० मिली द्रावणाने त्याची निम्मी काच तापते असं धरा: ५० ग्रॅम × ०.८ जूल, म्हणजे प्रत्येक अंशाला ४० जूल काच खाते. पाण्याचे ४१८. म्हणजे जवळजवळ दहा टक्के उष्णता तुम्ही मोजलीच नाही. एवढी एक दुरुस्ती केली तरी ४६ चे ५० होतात.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, म्हणून विचारतो: अल्कलीचं (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचं) तापमान घेता का? फक्त आम्लाचं घेऊन तेच सुरुवातीचं धरत असाल आणि अल्कलीचा कॅन खालच्या फडताळात एक अंश थंड असेल, तर खरी सुरुवात अर्ध्या अंशाने खाली होती. तो अर्धा अंश म्हणजे परत तेच ४.२ किलोजूल. दोन्ही बाटल्या रात्रभर एकाच टेबलावर ठेवा, दोन्हींची तापमानं घ्या आणि घनफळाच्या प्रमाणात सरासरी काढा.

जस्तफूल

वरच्या उत्तराशी सहमत, पण संहती (द्रावण नेमकं किती मोलर आहे ते) तपासल्याशिवाय हे सगळं अधांतरी आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. डबा चार वेळा उघडलेला असेल तर ४० ग्रॅम तोलून केलेलं लिटरभर द्रावण १ मोलर नसतं. ते आधी ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित करा, म्हणजे त्याची खरी संहती काढा. द्रावण दहापट पातळ करा, लिटरला ६.३० ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी अनुमापन करा (ब्युरेटमधून थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजा), दर्शक (अभिक्रिया संपल्याचं रंगाने दाखवणारं द्रव्य) फिनॉल्फ्थॅलिन.

ब्युरेट५०

@जस्तफूल, अल्कलीपेक्षा आम्ल प्रमाणित करा असं मी म्हणेन, आणि अल्कली मुद्दाम जास्त घ्या. ५० मिली आम्लाला ५५ मिली अल्कली. मग किती मोल पाणी तयार झालं हे फक्त आम्लावर ठरतं आणि अल्कलीची संहती दोन-तीन टक्के इकडेतिकडे असली तरी काही बिघडत नाही. थोडा कार्बोनेट असला तरी आम्ल आधी हायड्रॉक्साइडकडेच जातं, कारण तो अधिक प्रबळ आम्लारी (बेस). हायड्रॉक्साइड उरलेला असेल तोवर कार्बोनेटची अडचण होत नाही.

आम्ल मात्र काटेकोर हवं. बाटलीतलं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ११ ते १२ मोलर असतं आणि झाकण उघडं राहिलं की वायू उडून जातो. लेबलवरून हिशोब करून पातळ केलेलं ‘१ मोलर’ आम्ल ०.९३ मोलर निघणं अगदी शक्य आहे, आणि तेवढ्याने उत्तर सात टक्क्यांनी खाली येतं. निर्जल सोडियम कार्बोनेट ओव्हनमध्ये तापवून सुकवा, लिटरला ५.३० ग्रॅम विरघळवा. त्याचे २५ मिली घेतले की दहापट पातळ केलेलं आम्ल बरोबर २५ मिली लागलं पाहिजे. दर्शक मिथिल ऑरेंज. बाजारातला धुण्याचा सोडा घेऊ नका, त्यात स्फटिकजल असतं.

आणि मोजायला सिलिंडर नको, २५ मिलीचं पिपेट दोनदा.

मंद_आच

पंखा बंद करा. प्रयोगशाळेत छताचा पंखा उघड्या बीकरवर फिरत असेल तर वरच्या सगळ्या दुरुस्त्या करूनही आकडा खालीच येईल. बाष्पीभवन आणि वारा दोन्ही उष्णता नेतात. बीकरला झाकण हवंच.

पात्राबद्दल. इंग्रजी पुस्तकांत ‘कॉफीचा कप’ म्हणजे थर्माकोलचा पेला सांगतात. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर थर्माकोलचे पेले दुकानात मिळणं अवघड आहे. त्याला चांगला पर्याय म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला जाड थर्माकोलचा ठोकळा. त्यात कागदी पेला घट्ट बसेल एवढं भोक पाडा, वरून त्याच थर्माकोलची चकती झाकण म्हणून ठेवा, चकतीला एक भोक थर्मामीटरला आणि एक ढवळणीला. ठोकळा जड आणि रुंद असल्याने पेला कलंडत नाही, हा वेगळा फायदा. १ मोलर अल्कली डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, तेव्हा चष्मे सगळ्यांना. स्टीलचा रुंद तोंडाचा थर्मासही चालतो, फक्त त्याची आतली भिंत धातूची असल्याने ती स्वतः बरीच उष्णता घेते. चालेल, पण मोजली पाहिजे.

मोजायची कशी? पेल्यात ५०.० ग्रॅम थंड पाणी, दुसरीकडे ५०.० ग्रॅम कोमट पाणी. दोन्ही तोलून घ्या, कारण ४७ अंशांचं ५० मिली पाणी ५० ग्रॅम भरत नाही, ४९.५ च भरतं. समजा थंड २७.०, कोमट ४७.०, मिश्रण ३६.६. कोमटाने दिले ५० × ४.१८ × १०.४ = २१७४ जूल, थंडाने घेतले ५० × ४.१८ × ९.६ = २००६. उरलेले १६८ जूल पेल्याने, झाकणाने आणि थर्मामीटरने घेतले, भागिले ९.६, म्हणजे अंशाला १७.५ जूल. हाच कॅलरीमीटरचा (उष्णता मोजायच्या पात्राचा) स्थिरांक.

आता मिश्रणाचं तापमान ३६.६ ऐवजी ३६.७ वाचलं असं धरून तेच गणित करा. स्थिरांक १३ येतो. एका दशांशाने एवढा फरक! म्हणून हा प्रयोग निदान तीनदा करून सरासरी घ्या. अंतिम उत्तरावर त्याचा परिणाम एखाद्या टक्क्याचाच होतो, त्यामुळे ह्या आकड्याच्या मागे दिवसभर लागायचं कारण नाही. मात्र स्थिरांक ऋण आला तर थांबा: बहुतेक वेळा कोमट पाण्याचं तापमान आधी घेतलेलं असतं आणि ओतेपर्यंत… नाही, त्याने उलट स्थिरांक वाढतो. ऋण येतो तेव्हा पाण्याच्या वजनात चूक असते किंवा थंड पाण्याचं तापमान पेल्यात घालण्याआधी घेतलेलं असतं आणि ते पेल्यात बसून थोडं तापलेलं असतं.

परीक्षानळी

सगळ्यांचे मनापासून आभार. अल्कलीचं तापमान आम्ही खरंच घेत नव्हतो. एक शंका: ‘पारा चढायचा थांबला की वाचा’ यात चूक आहे का? सर्वांत जास्त तापमान तेच अंतिम तापमान ना?

जस्तफूल

नाही, आणि हीच चूक सगळ्यांत जास्त होते. तापमान चढत असतानाच पात्र उष्णता गमावायला लागलेलं असतं. थर्मामीटरलाही तापायला काही सेकंद लागतात. स्टीलच्या नळीतल्या सेन्सरला जास्तच. तुम्हाला दिसणारं सर्वोच्च तापमान हे खऱ्या सर्वोच्च तापमानापेक्षा नेहमी कमी असतं.

उपाय आलेखाचा. घड्याळ लावा. ०, १, २, ३ मिनिटांना आम्लाचं तापमान लिहा. बरोबर चौथ्या मिनिटाला अल्कली एकदम ओता, त्या मिनिटाचं रीडिंग घेऊ नका. पाचव्यापासून दर मिनिटाला दहाव्या-बाराव्या मिनिटापर्यंत लिहीत राहा, ढवळणं सारख्या गतीने चालू. आलेख कागदावर सगळे बिंदू मांडा. तापमान उतरायला लागल्यानंतरच्या बिंदूंमधून सरळ रेषा काढा आणि ती मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. रेषा जिथे चौथ्या मिनिटाच्या उभ्या ओळीला छेदते ते अंतिम तापमान. उष्णता अजिबात गळली नसती तर तेवढं झालं असतं.

उदासिनीकरण क्षणात होतं, तिथे ही दुरुस्ती दोन-तीन दशांशांची असते. मुलांना ती खरी पटवायची असेल तर जस्त आणि मोरचूद घ्या. ५० मिली ०.२ मोलर कॉपर सल्फेट (२.५ ग्रॅम मोरचुदाचे स्फटिक) आणि १ ग्रॅम जस्ताची पूड. कॉपर ०.०१ मोल, जस्त ०.०१५, म्हणजे जस्त उरतं. एन्थाल्पी उणे २१८.७ किलोजूल प्रति मोल, म्हणून वाढ जवळजवळ १० अंशांची. पण अभिक्रिया पूर्ण व्हायला काही मिनिटं लागतात, कारण जस्ताच्या कणांवर तांब्याचा लाल-तपकिरी थर बसतो आणि गोळे होतात. ते गोळे काडीने फोडत राहावे लागतात. थर्मामीटरच्या फुग्याने फोडू नका. पारा सांडला तर प्रयोग बाजूला राहतो. निळा रंग पूर्ण गेला का ते शेवटी बघा, फिकट निळसर राहिला असेल तर अभिक्रिया अपुरी आहे. जस्ताचे दाणे अजिबात नकोत, ते इतके सावकाश चालतात की तापमान चढण्याआधीच उतरतं. ह्या प्रयोगात सर्वोच्च रीडिंग आणि मागे वाढवलेल्या रेषेचं रीडिंग यांत एक अंशाहून जास्त फरक सहज दिसतो.

मंद_आच

५७.३ की ५५.८ हे राहिलंच. दोन्ही बरोबर आहेत, तापमान वेगळं आहे. अत्यंत विरल (पातळ) द्रावणात २५ अंशांना ५५.८. तापमान एक अंशाने वाढलं की हा आकडा साधारण ०.२२ किलोजूलने घटतो. उलट हिशोब करा: ५५.८ मध्ये सात अंशांचे १.५ मिळवले की १८ अंशांचा आकडा ५७.३ मिळतो. थंड देशांच्या प्रयोगशाळांतलं ते जुनं तापमान. आपल्याकडे खोली ३० अंशांवर असेल तर विरल द्रावणासाठी ५४.७ च अपेक्षित आहे. पण १ मोलर द्रावणं विरल नव्हेत. मिसळताना दोन्ही एकमेकांना पातळ करतात आणि त्या विरलनाची उष्णता, मुख्यतः आम्लाची, दीडेक किलोजूल वाढवते. तेव्हा तुमच्या टेबलावर ५६ च्या आसपास आलं तर प्रयोग उत्तम झाला.

एक बारीक दुरुस्ती अजून. ४.१८ ही शुद्ध पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. तुमच्याकडे शेवटी अर्धा मोलर मीठ-पाणी असतं. ते किंचित जड (मिलीला १.०२ ग्रॅम) पण ग्रॅममागे ४.० च्या आसपास. गुणाकार मिलीला ४.०९ जूल. ४.१८ धरलं की उत्तर दोन टक्क्यांनी फुगतं.

कोळसापरीक्षक

विषय पेल्याचा चालू आहे, पण मुलं पुढे ज्वलनाच्या उष्णतेकडे जातीलच, म्हणून थोडं. स्पिरिटच्या दिव्यावर तांब्याचं भांडं ठेवून इथेनॉलची ज्वलन एन्थाल्पी काढायला सांगतात. खरा आकडा १३६७ किलोजूल प्रति मोल, येतो त्याच्या निम्माही नाही. ज्योतीची बहुतेक उष्णता भांड्याच्या बाजूने वर निघून जाते आणि काजळी धरते ती वेगळी. तिथे कितीही रेषा मागे वाढवल्या तरी उपयोग नाही, उष्णता पाण्यात गेलीच नाही.

ते बाँब कॅलरीमीटरने मोजतात: जाड स्टीलचं बंद पात्र, आत साधारण १ ग्रॅम नमुन्याची गोळी, तळाला १ मिली ऊर्ध्वपातित पाणी, ऑक्सिजन ३० वातावरणापर्यंत, आणि हे सगळं दोन लिटरच्या आसपास पाण्यात बुडवलेलं. पेटवायला बारीक नायक्रोम तार आणि सुती दोरा. पात्राचा स्थिरांक बेन्झोइक आम्ल जाळून काढतात, ते ग्रॅमला २६.४३ किलोजूल देतं. स्थिरांक अंशाला १० किलोजूल असेल तर वाढ फक्त २.६ अंश, म्हणून इथे अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचावं लागतं.

हे किती नाजूक आहे ते कोळशावरून सांगतो. भारतात जानेवारी २०१२ पासून औष्णिक कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होते, जी-१ ते जी-१७, बहुतेक प्रती ३०० किलोकॅलरी प्रति किलोच्या अंतराने. १ ग्रॅम नमुन्याला ३०० किलोकॅलरी प्रति किलो म्हणजे १.२६ किलोजूल, तापमानात ०.१२६ अंश. तेवढ्याने कोळशाची प्रत आणि भाव बदलतो.

बिघाड नेहमीचे तीन. तार मुशीला (नमुना ठेवायच्या वाटीला) टेकली की करंट तिथूनच जातो आणि गोळी पेटत नाही. उघडल्यावर आत काजळी दिसली तर ज्वलन अपुरं, ते रीडिंग सरळ टाकून द्या. गोळी न करता सैल पूड ठेवली तर ऑक्सिजन भरतानाच ती उडून बाजूला पडते. आणि ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते आपोआप पेट घेतं.

बंद पात्रात घनफळ स्थिर असतं, म्हणून मिळते ती आंतरिक ऊर्जेतली घट. एन्थाल्पी हवी तर वायूंच्या मोलांतला फरक × ८.३१४ × तापमान मिळवा. बेन्झोइक आम्लात तो फरक अर्ध्या मोलाचा, म्हणजे ३२२६ मध्ये फक्त १.२ किलोजूल.

परीक्षानळी

ठोकळ्यातला कागदी पेला केला. स्थिरांक तीन वेळा: ९, १४, १३, सरासरी १२. आम्ल प्रमाणित केलं, ते ०.९६ मोलर निघालं, म्हणून संहत आम्ल घालून १.०० वर आणून पुन्हा तपासलं. ५० मिली आम्ल २८.४ अंश, ५५ मिली अल्कली २८.६, सरासरी २८.५. पंखा बंद. मिनिट ५: ३४.५, ६: ३४.६, ७: ३४.५, ८: ३४.४, ९: ३४.३, १०: ३४.२. रेषा चौथ्या मिनिटाला ३४.८ वर येते.

१०५ मिली × ४.०९ = ४२९.५, अधिक १२, म्हणजे अंशाला ४४१.५ जूल. वाढ ६.३. एकूण २७८१ जूल, भागिले ०.०५: उणे ५५.६ किलोजूल प्रति मोल. सर्वोच्च रीडिंगच धरलं असतं तर ५३.९ आलं असतं.

ब्युरेट५०

छान. आता वहीत ५५.६ च्या पुढे ± ०.९ लिहा, कारण तुमचा एक दशांश अंश तेवढ्याचा आहे. पुढच्या तासाला त्याच पेल्यात ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत, पॉलिश पेपरने चकचकीत घासून, १०० मिली १ मोलर आम्लात टाका: वाढ ११ अंशांच्या आसपास. मग दुसऱ्या ताज्या आम्लात ०.४० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड, वाढ साडेतीन अंश. पाण्याची निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल तयार होतानाची) उणे २८५.८ किलोजूल प्रति मोल माहीत आहे, त्यामुळे ह्या दोन आकड्यांवरून हेसच्या नियमाने (कोणत्याही मार्गाने गेलं तरी एकूण एन्थाल्पी-बदल तोच) मॅग्नेशियम ऑक्साइडची निर्मिती एन्थाल्पी काढता येते. खरं उत्तर उणे ६०१.६. ऑक्साइड वापरण्याआधी मुशीत लाल होईपर्यंत तापवून बंद डब्यात थंड करा. जुन्या बाटलीतलं तसंच घेतलंत तर त्यातला बराच भाग हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट झालेला असतो आणि वाढ कमी भरते.